पेणची पेठ आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात बाजाराचा विषय काढते आहे, याबद्दल क्षमा असावी. परंतु घरचा हिशेब जिच्या हाती, तिने गावच्या पेठेचा हिशेबही एकदा पाहावा, असे मला वाटते.

एके काळी पेणचे दार खाडीकडे होते. भरतीबरोबर गलबते अंतोऱ्याच्या बंदराला लागत. भात आणि मीठ तेथून मुंबईस जाई. मीठ बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून देशावरही जाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट पेठेतूनच होती, म्हणून पेठ भरली. पुढे मालाने सडक धरली. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली. बंदराची वाट ओस पडली. वाट वळली की गिऱ्हाईकही वळते. आज गाडीवाला महामार्गावरच पापडाची पुडकी घेऊन पुढे जातो, आणि आपण घरबसल्या मोबाईलवर वाणसामान मागवतो. मग पेठेतल्या दुकानदाराने दोष द्यावा तो एकट्या महामार्गालाच काय?

शेजारच्या रोह्याकडे पाहा. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी गावात फिरते, तेव्हा जुन्या आळ्यांना नवे तेज येते. परंतु उत्सव सरतो. पेठेला बारा महिने भाकरी हवी.

पेणला ती भाकरी गणपतीने दिली. गुजरातेतून शाडू यावी, साच्यातून मूर्ती निघावी, घासून-पुसून रंगावी, आणि शेवटी कसलेल्या हाताने डोळ्यांची आखणी व्हावी. पेणपासून हमरापूर-जोह्यापर्यंत हे काम वर्षभर चालते. परदेशच्या मूर्ती तर कित्येक महिने आधी जहाजावर चढतात. या कामात आणि पापड लाटण्या-वाळवण्यात बायकांचे हात किती आहेत, हे तुम्हांला मी सांगायला नको. पाटीवर मात्र त्यांची नावे क्वचितच दिसतात.

हा धंदाही आज निर्धास्त नाही. पीओपीच्या मूर्तींवर २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निर्बंध सुचवले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्यास मोकळीक दिली. विसर्जनाचा प्रश्न मात्र उरलाच. शाडूची मूर्ती सावकाश होते, महाग पडते. छोट्या कारखान्याला माती-रंगासाठी पैसा आधी लागतो आणि विक्रीचा पैसा भाद्रपदात येतो. मधले महिने कर्जावर निघतात. व्याज भरता भरता हात थकले, की जुन्या घरातला कारखाना बंद होतो आणि पेठेतले आणखी एक दार लागते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या घरची मूर्ती शाडूचीच घ्यावी आणि तिची निम्मी रक्कम अक्षय्य तृतीयेलाच कारखान्यात पोचवावी. श्रावणात मंडळाचे सभागृह पापड-कुरडया करणाऱ्या भगिनींना विक्रीसाठी मोकळे ठेवावे. आणि ज्या भगिनी मजुरीवर राबतात, त्यांचे बचतखाते त्यांच्याच नावे उघडून देण्यास मंडळाने मदत करावी.

बंदर परत येणार नाही. महामार्गही गावात वळणार नाही. पण आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन पेठेत जाणे आपल्या हाती आहे. तेवढे केले, तरी पुढच्या वर्धापनदिनी पेठेतली दारे मोजताना आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.