कोणता दगड?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "दगडावर तुम्ही बोलणार तरी काय?" मी म्हटले, "श्रोत्यांनी तो मारला नाही, तर पुष्कळ बोलता येईल."

हा विषय माझ्या मनात फार जुना आहे. आमच्या शाळेत गुरुजींचा आवडता शब्द 'दगड'. गणित चुकले की दगड, कविता विसरली की दगड. वर्गात एका पाथरवटाचा मुलगा होता. एकदा गुरुजी त्याला म्हणाले, "तू म्हणजे शुद्ध दगड आहेस!" तो उभा राहिला आणि सरळपणे म्हणाला, "कोणता, गुरुजी?" वर्ग हसला. त्याला छड्या बसल्या. हसणाऱ्यांत मीही होतो.

पण त्याचा प्रश्न खरा होता. त्याच्या घरी दगड हा एकच एक पदार्थ नव्हता. पायरीचा दगड निराळा, जात्याचा निराळा. बाप हातोडीचा ठोका देऊन कान लावी. खणखणीत वाजला तर दगड धड, आवाज बद्द आला तर आत चीर. ज्याच्या हाताखालून दगड गेला नाही, त्यालाच तो मुका वाटतो.

एखाद्या वस्तूचे रूपक होते तेव्हा भाषा ती वस्तू सबंध उचलत नाही. तिचा एक गुण उचलते, बाकीचे तिथेच टाकून देते. दगड ऐकत नाही, म्हणून मठ्ठ माणूस दगड. दगड जड असतो, म्हणून नकोशी जबाबदारी ही गळ्यातली धोंड. 'हात दगडाखाली सापडणे' यात तर दगडाचे वजनही गौण आहे. तो उचलायचे कोणाच्या मर्जीवर आहे, हा खरा मुद्दा. सावकाराचे देणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको. आणि 'आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे' यात मूर्खपणा आहेच, पण तो आता दगडाचा राहिला नाही, माणसाचा झाला! दगड बिचारा पडण्यापुरता. (जाता जाता एक सावधगिरी. 'दगडापेक्षा वीट मऊ' यातली वीट भट्टीतली. पण 'वीट आला' म्हणतो तो वीट पुल्लिंगी आहे, त्याचा विटेशी संबंध जोडू नये. भाषेत असे चकवे फार.)

कोणता गुण उचलायचा हे पुष्कळदा पायाखालची जमीन ठरवते. आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. काळ्याच का? कारण देशावरचा दगडच काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यांचा हा कातळ झाला. त्यावर ओढलेली रेघ पांढुरकी उठते, लांबून दिसते. आणि टाकीने कोरलेली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या पुसत नाही. जिथे घरेदारे संगमरवराची, तिथल्या लोकांना ही उपमा सुचण्याचे कारण नव्हते.

'दगडाला पाझर फुटणे' हा मात्र भाषेने चमत्कार मानला आहे. विहीर खणणाऱ्याला विचारा. या कातळाच्या भेगांतून, दोन थरांच्या मधून आणि सच्छिद्र दगडातून पाणी झिरपते, आणि देशावरच्या कितीतरी विहिरी त्याच पाझरावर उभ्या आहेत. बोलणाऱ्याचा दगड कोरडा, खणणाऱ्याचा ओला. म्हणून वाक्प्रचार बदला असे मी म्हणत नाही. फक्त तो कोणी घडवला असेल, याचा अंदाज येतो.

कधी वस्तू जाते आणि रूपक मागे राहते. 'मैलाचा दगड' आपण इंग्रजीवरून घेतला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पुढे रस्त्यांवरचे मैल गेले. पण सत्कारसभांतून मैलाचे दगड अजून रोज रोवले जातात. तो शब्द उच्चारताना रस्त्याकाठचा पांढरा चुना दिलेला दगड कोणाच्या डोळ्यांपुढे येतो, कोण जाणे. मला तो शब्द ऐकवत नाही, एवढे खरे.

आणि आता नावे. धोंडू, धोंडिबा, दगडू. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला असे नाव ठेवीत. दृष्ट लागू नये, मृत्यूने टाकाऊ समजून सोडून द्यावे, म्हणून दगड; आणि दगडासारखा टिकावा, म्हणूनही दगडच. भाषा एरवी एक गुण उचलते. इथे तिने दोन उचलले, तेही एकमेकांच्या विरुद्ध. आई एक मोठ्याने म्हणत होती आणि दुसरा मनात मागत होती. सगळ्या धोंडूंची कथा हीच असेल असे नाही. कित्येकदा आजोबांचेच नाव पुढे चालते. पण धोंडो केशव कर्वे हे नाव आपण सर्व जाणतो. १८५८ साली जन्मलेल्या त्या पुरुषाला १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि पुढेही ते चार वर्षे जगले. त्यांच्या नावातल्या धोंड्याचा अर्थ 'मठ्ठ' असा करण्याची कोणाची छाती होणार नाही.

आमच्या वर्गाच्या हजेरीत दोन धोंडू होते. त्यांतल्या एकाच्या आधीची तीन भावंडे गेली होती, हे पुढे मला माझ्या आईकडून कळले. गुरुजी त्यालाही दगडच म्हणत.