बाद कोणी व्हायचे नाही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या बालवर्गात मी आठवणीचे खेळ घेते. त्यांतला एक ताटाचा. ताटात सुपारी, किल्ली, बटण, चिंचोका अशा बारा वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या आणि वर रुमाल टाकायचा. किपलिंगच्या १९०१ सालच्या ‘किम’ कादंबरीत सिमल्याचा एक जवाहिऱ्या हाच खेळ रत्ने मांडून शिकवतो. पुढे बेडन-पॉवेल यांनी तो बालवीरांना दिला.

मुलांना अधिक आवडतो तो साखळीचा खेळ. पहिली म्हणते, “बाजारातून आणली मेथी.” दुसरी म्हणते, “मेथी आणि गूळ.” अशी यादी वाढत जाते. सहा-सात नावांपाशी बहुतेक मुले अडखळतात. चुकेल तो बाद, असा माझा नियम होता. एक मुलगी रोज तिसऱ्या-चौथ्या नावाला बाद होऊन भिंतीशी बसे. जिला सरावाची खरी गरज, तिलाच मी खेळाबाहेर काढत होते! हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. सांगताना संकोच वाटतो.

आता बाद कोणी होत नाही. एखादे मूल अडले, की बाकीच्यांनी नाव सांगायचे नाही, नुसती खूण करायची. गूळ म्हणजे बोटे चाटायची. या खुणा मुलांनीच शोधल्या, आणि हसता हसता नावे पक्की होतात. ती मुलगी परवा नऊ नावांपर्यंत गेली. कारल्यापाशी मात्र अडली. सगळ्या वर्गाने तोंडे कडू करून दाखवली, तरी म्हणेना. कारले तिला आवडत नाही!