घरचा मल्लखांब निवडताना



घरच्या सरावासाठी मल्लखांब कसा निवडावा, यावर बोलायला आकाशवाणीनं मला बोलावलं आहे. विषय अगदी वेळेवर दिलाय. २०१९ साली दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, नंतर खेलो इंडियामध्ये आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ दिसायला लागला. तेव्हापासून, मी शिकवते त्या व्यायामशाळेत संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले पालक हमखास विचारतात, "ताई, घरी एक खांब बसवून घेऊ का?"

बसवा की, जरूर बसवा. पण एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या. मल्लखांब शिकायचा तो व्यायामशाळेत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. घरचा खांब हा शिकलेलं घोटण्यासाठी असतो. मुलानं अढी शिकली, दसरंग शिकला, आता तो रोज दहा वेळा करायचाय, त्यासाठी घरचा खांब. एवढं एकदा समजलं की निवड सोपी होते. मी माझ्या मुलांना एक क्रम पाठ करायला लावते, तो तुम्हीही करा. आधी मूल, मग जागा, मग खांब. बहुतेक घरांत हे उलट होतं. खांब येतो, मग तो ठेवायचा कुठे याची चर्चा होते, आणि मुलाला विचारतात सगळ्यात शेवटी.

तर आधी मूल. स्पर्धेतला पुरलेला मल्लखांब तुम्ही पाहिला असेल. जमिनीच्या वर साधारण अडीच मीटरपेक्षा थोडा जास्त उंच, बुंध्याशी घेर सुमारे ५५ सेंटीमीटर, आणि वर निमुळता होत होत सुमारे ३५. हे माप तयार खेळाडूचं. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मांड्यांत ५५ सेंटीमीटरचा बुंधा मावत नाही. मल्लखांबात सगळा खेळ पकडीचा आहे. डोकं खाली, पाय वर, आणि मांड्यांच्या मध्ये खांब, ही साधी अढी. तिथे मांड्यांनी खांब घट्ट धरता आला नाही, तर मूल सगळा भार हातांवर घेतं. खांदे दुखतात, सवय चुकीची लागते, आणि ती मोडायला आम्हाला पुढं फार वेळ जातो. म्हणून दुकानात टेप घेऊन जाण्याआधी मुलाला व्यायामशाळेतल्या लहान-मोठ्या खांबांवर अढी घालायला लावा. ज्या खांबावर त्याचे हात सैल सोडले तरी मांड्यांची पकड टिकते, त्या खांबाचा घेर मोजून कागदावर लिहा. तेच तुमचं माप. "वाढत्या अंगाचा घेऊ, पुढं उपयोगी पडेल" असं शाळेच्या गणवेशाच्या बाबतीत चालतं. खांबाच्या बाबतीत चालत नाही.

मग जागा. फ्लॅटमध्ये छत साधारण नऊ ते साडेनऊ फुटांवर असतं. पूर्ण उंचीचा खांब तिथे बसवला, तर वर बसलेल्या मुलाचं डोकं पंख्यात जाईल. घरात वरच्या तोलाच्या कामांचा नादच सोडायचा. जमिनीपासून पाच-सहा फुटांचा खांब सरावाला पुरतो. अढी, तेढी, बगली, उड्यांची सुरुवात, सगळं त्यावर होतं. खांबाभोवती चारही बाजूंनी माणूस आडवा पडेल एवढी मोकळी जागा हवी आणि तिथे जाड गाद्या हव्यात. चारही बाजूंनी म्हणतेय मी. भिंतीला चिकटवून खांब उभा करणारे लोक मी पाहिले आहेत. मूल नेहमी मोकळ्या बाजूलाच पडेल, असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

आणि आता खांब. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लाकूड हा माझ्या प्रेमाचा विषय.

मल्लखांबाला सागवान किंवा शिसव. शिसव कठीण आणि जड, हाताला गार लागतं, झिजत नाही. पण घरासाठी मी सागवानच सांगते. सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं, ते ऋतू बदलला तरी फारसं वाकत-फुगत नाही, आणि कातडीला त्याचा स्पर्श जुळतो. मात्र सागवान म्हटलं की सगळं सारखं नसतं. झाडाच्या गाभ्याचं लाकूड तांबूस-सोनेरी, ते टिकाऊ. सालीलगतचं पांढुरकं लाकूड मऊ, त्यात कीड शिरते. खांबाच्या एका अंगाला पांढरा पट्टा दिसला आणि विकणारा म्हणाला, "पॉलिश केल्यावर दिसणार नाही," तर तिथून उठा. दुसरं म्हणजे लाकूड सुकलेलं हवं. ओल्या लाकडाचा खांब कातून घेतला तर तो पहिल्या उन्हाळ्यातच उभा तडकतो, आणि त्या चिरेत मांडीची कातडी चिमटली की मूल पुन्हा खांबाजवळ जायला धजत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तर हे फार जपावं. न्यू जर्सीसारख्या ठिकाणीही आता आपली मुलं मल्लखांब करतात. तिथे हिवाळ्यात हीटर चालू असतो, खोलीतली हवा अगदी कोरडी होते, आणि अर्धवट सुकलेलं लाकूड तिथे हमखास फाटतं.

लाकडाच्या रेषा बघा. खांबाच्या बुंध्यापासून वरपर्यंत त्या सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील, तर तिथे लाकूड कधीतरी सोलून निघणार. गाठ शक्यतो नकोच, आणि मानेत तर अजिबात नको.

मान म्हणजे काय, तेही सांगते. मल्लखांबाच्या अगदी टोकाला गोल बोंड असतं, त्याच्या खालचा बारीक भाग म्हणजे मान, आणि त्याखाली अंग. मान ही हाताच्या पकडीत येण्याजोगी, घेर साधारण १८ ते २० सेंटीमीटर. आता विचार करा, सगळ्यात बारीक भाग तो, आणि खेळाडू वर गेला की त्याचं सगळं वजन आणि सगळा झटका तिथेच येतो. खांब मोडला तर बहुधा इथेच मोडतो. म्हणून बोंड, मान आणि अंग एकाच लाकडातून कातलेलं हवं. बोंड वेगळं करून खिळ्यानं किंवा सरसानं बसवलेला खांब शोभेच्या दुकानात ठेवा, मुलाला देऊ नका. हे पुन्हा सांगते, कारण वर्गातही मला हे पुन्हा सांगावं लागतं. बोंड, मान, अंग, एकच लाकूड.

चांगला कातारी मानेचा उतार असा काढतो, की बोटं वरून खाली फिरवली तर कुठे धार म्हणून लागत नाही. अंगाचा निमुळतेपणाही तसाच सलग, कुठे पोट नाही, कुठे खड्डा नाही. खांब घ्यायला जाल तेव्हा डोळे मिटा आणि दोन्ही तळहात बुंध्यापासून मानेपर्यंत फिरवत न्या. डोळ्यांना रंग दिसतो, चमक दिसते, त्यात माणूस फसतो. हातांना कूस लागते, चीर लागते, खरबरीतपणा लागतो. खांबाशी ज्याचा संबंध येणार आहे, त्या कातडीनंच त्याची परीक्षा घ्यावी.

आता एक कळकळीची विनंती. मल्लखांबाला व्हार्निश लावू नका, रंग लावू नका, पॉलिश करू नका. दिवाणखान्यात शोभावा म्हणून लोक हे करतात. व्हार्निशवर घाम टिकतो, खांब निसरडा होतो, आणि पापुद्रा सुटला की तो अंगात घुसतो. मल्लखांबाला लागतं एरंडेल तेल. फडक्यानं थोडं थोडं चोळायचं, मुरू द्यायचं, वरचं पुसून टाकायचं. त्यानं नको तेवढं घर्षण कमी होतं आणि कातडी सोलत नाही. पकड सुटतेय असं वाटलं, तर राळेची पूड चिमटीभर, जास्त नाही. सराव संपला की कोरड्या फडक्यानं खांब पुसायचा, आणि ते काम आईनं करायचं नाही, मुलानं करायचं. जो खांब पुसतो त्याला खांब कळतो.

ज्यांच्याकडे अंगण आहे, गावाकडे घर आहे, त्यांनी पुरलेलाच खांब घ्यावा. सुमारे तीन फूट जमिनीत जाऊ द्या, पुरायच्या भागाला डांबर लावा, म्हणजे ओल आणि वाळवी लांब राहते. पण डांबर लावलं म्हणून निश्चिंत होऊ नका. खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. कोकणात तर दर पावसाळ्यानंतर तिथली माती बोटभर उकरून दाभणानं टोचून बघा. दाभण सहज आत गेलं, तर त्या दिवसापासून खांबावर कुणी चढायचं नाही. फ्लॅटवाल्यांना लोखंडी बैठकीवरचा खांब घ्यावा लागतो. ती बैठक रुंद आणि जड हवी, बोल्ट दर आठवड्याला आवळायला हवेत. खांब धरून तुम्ही स्वतः जोर लावून हलवा. तुमच्या जोरानं डुलला तर मुलाच्या उडीनं तो आडवा होईल.

काही जण म्हणतात, पुरायची कटकट नको, टांगता मल्लखांब घेतो. साखळीला लटकलेला तो आखूड खांब दिसायला सुटसुटीत. पण तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. पुरलेल्या खांबावर ज्याचा हात बसला आहे, त्याच्यासाठी तो आहे. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

शहरातल्या मुली मला पोल डान्सच्या स्टीलच्या खांबाबद्दलही विचारतात. तो वेगळा खेळ, पण पकड तिथेही उघड्या कातडीचीच. तो खांब वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असतो, ४५ मिलिमीटर व्यासाचा सर्रास वापरतात, आणि घरी बहुधा जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवतात. तेव्हा वर पक्का स्लॅब हवा. पीओपीच्या खोट्या छताला तो दाबला तर छतासकट खाली येईल. फिरणारा आणि स्थिर असे दोन प्रकार मिळतात, सुरुवात स्थिर खांबावर करावी. आणि आपलं एरंडेल तिथे चालत नाही. तो खांब कोरडा आणि स्वच्छ हवा, सरावाआधी अंगाला क्रीम लावलेलं नको.

आता थोडं रागावते, मोठी म्हणून. घरी खांब आला की फोनही बाहेर येतो. "एकदा वर जा, छोटासा व्हिडिओ काढते." मूल व्यायामानं तापलेलं नसतं, जेवून उठलेलं असतं, पाहुणे बसलेले असतात, आणि ते वर जातं. कृपा करून हे करू नका. ज्या हातात फोन असतो, तो हात पडणाऱ्या मुलाला सावरायला रिकामा नसतो. मूल खांबावर असताना शेजारी एक मोठं माणूस उभं हवं, हात मोकळे आणि नजर मुलावर. घरात असं माणूस त्या वेळेला नसेल, तर त्या दिवशी सराव नाही. सूर्यनमस्कार घालावेत, जोर काढावेत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला पुन्हा उभं केलं, आणि तेव्हापासून ती हातातून हातात आली आहे. एकट्यानं करायची ही गोष्टच नव्हे.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, आणि दोरीचा मल्लखांब राहिलाच. मुलींनी तो फार पुढं नेला आहे, त्यामुळे दोन वाक्यं तरी बोलायलाच हवीत. दोरी सुती घ्या, अंगठ्याएवढी जाड. नायलॉनची नको, ती कातडी भाजते. स्पर्धेची दोरी सुमारे साडेपाच मीटर असते, घरी छताच्या उंचीत बसेल तेवढी पुरते. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत धरायची असते, ती पकड घरी बसल्याबसल्याही घोटता येते. दोरी पंख्याच्या हुकाला कधीही बांधू नका. झोपाळ्याची कडी असेल तर ती तुळईत किंवा स्लॅबच्या सळईत पक्की आहे का, हे जाणकाराला दाखवून घ्या. आणि दोरीचा पीळ उसवायला लागला की ती बदला, तिथे काटकसर नको.

खांब विकत घेण्याआधी एवढं करा. तुमच्या जवळच्या व्यायामशाळेत मुलाला घेऊन आठवडाभर जा, तिथल्या शिक्षकांना घेर विचारा, उंची विचारा, आणि खांब आणायला जाताना त्यांनाच सोबत न्या. आधी मूल, मग जागा, मग खांब.