तारण दिलेला मुलूख

इंग्रजांचे राज्य आपल्या देशात कसे आले असे कोणी विचारले, की प्लासीचे रणांगण, शनिवारवाड्यावर चढलेले परके निशाण किंवा झाशीच्या तटावरील तोफा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु बुलढाणा जिल्ह्याच्या, किंबहुना साऱ्या वऱ्हाडाच्या वाट्याला हे राज्य आले ते एका थकलेल्या कर्जाच्या वसुलीतून. आणि ज्या रयतेच्या घामातून ते कर्ज फिटावयाचे होते, तिने ते काढले नव्हते, त्यातला छदामही तिने पाहिला नव्हता, आणि मुलूख तारण देताना तिला कोणी विचारलेही नव्हते. या उगमाची मुद्रा पुढील चौऱ्याण्णव वर्षांच्या कारभारावर उमटून राहिली, आणि तिची चिन्हे आपल्या शेतात, बाजारात व जिल्ह्याच्या नकाशात आजही वाचता येतात, हेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१८०३ साली अडगावच्या लढाईत आणि पाठोपाठ गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांनी सोडला, आणि कंपनीचा मित्र म्हणून तो निजामाच्या पदरात पडला. मराठे व निजाम यांच्या दोअमलीच्या जाचातून सुटलेल्या रयतेला त्यामुळे सुख लाभले असे मात्र नव्हे. कारण हैदराबादचा दरबार परगणे इजाऱ्याने देई, आणि इजारदार आपली मुदत संपण्यापूर्वी जेवढे पिळून काढता येईल तेवढे काढी. याच काळात हैदराबाद कंटिन्जंट या नावाची एक फौज उभी राहिली: नाव निजामाचे, अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, आणि पगाराचा बोजा मात्र निजामाच्या खजिन्यावर. तो खजिना रिता पडू लागला तेव्हा कंपनीने पगारासाठी रकमा उसन्या दिल्या, त्यांवर व्याज चढत गेले, आणि अखेरीस २१ मे १८५३ रोजी, डलहौसीच्या अमदानीत, कर्नल लो या रेसिडेंटाने नासिरुद्दौला निजामाकडून तहनाम्यावर सही घेतली. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने यांच्या खर्चासाठी सुमारे ५० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या हवाली झाला, त्यात वऱ्हाड होते, आणि उत्तर वऱ्हाडचे मुख्य ठाणे म्हणून घाटमाथ्यावरील थंड हवेचे बुलढाणा निवडले गेले.

मालकी निजामाची, कबजा इंग्रजांचा, आणि खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामास परत, अशी ती योजना होती. १८६० च्या तहाने ५० लाखांचे उरलेले कर्ज माफ झाले, नळदुर्ग व रायचूर दुआब परत गेले. पण ३२ लाख उत्पन्नाचे वऱ्हाड तारणातच राहिले, आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडून दिला. ऋणको हिशेब मागू शकत नाही आणि धनको तो देणे लागत नाही, असे तारण कोणत्या धर्मशास्त्रात बसते, हा प्रश्न हैदराबादचा दिवाण सालारजंग याने आयुष्यभर निरनिराळ्या शब्दांत विचारला, त्यासाठी १८७६ साली तो विलायतेसही जाऊन आला. फळ काहीच निघाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने दरसाल २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाडचा कायमचा इजारा लिहून घेतला, पुढील साली प्रांत मध्यप्रांताला जोडला गेला, आणि १९०५ च्या फेरबदलात खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाणा जिल्ह्यात आले.

आता न्यायाची गोष्ट अशी, की नव्या अंमलाने रयतेला काहीच दिले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची शंकूसाखळीने मोजणी झाली, जमिनीचा मगदूर पाहून प्रतवारी लागली, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि तीस वर्षांसाठी सारा कायम झाला. इजारदाराच्या लहरीवर जगलेल्या शेतकऱ्याला आपले देणे किती हे आधीच कळणे, हा मोठा दिलासा होता. ओसाड पडलेली कित्येक गावे त्यामुळे पुन्हा वसली. देशमुख-देशपांड्यांची सत्ता गेली, त्यांच्या हाती रुसूम तेवढे उरले. पाटील-पटवारी मात्र राहिले. परंतु या सुधारणेच्या पोटातच दुसरे बीज होते. सारा रोख द्यावयाचा आणि ठरल्या हप्त्याला द्यावयाचा, पाऊस पडो वा न पडो. आणि जमीन आता विकता येई, गहाण टाकता येई, दिवाणी कोर्टाच्या डिक्रीने जप्त होऊ शके. सावकार पूर्वीही होता, पण त्याची नजर पूर्वी खळ्यावरील धान्यावर असे. इंग्रजी कायद्याने त्याला शेतापर्यंत पोचण्याची वाट मोकळी करून दिली, आणि ज्याची जमीन होती तो तिच्यावरच सालदार म्हणून राबू लागल्याचे दृश्य गावोगाव दिसू लागले.

हे सारे ज्या एका पिकाभोवती फिरले ते कपाशी. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे प्रथम धाडला तो पेस्तनजींच्या पारशी पेढीने, १८२५-२६ च्या सुमारास, बैलांच्या पाठीवर लादून. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या आणि साऱ्या इंग्लंडची दृष्टी पूर्णेच्या काळ्या मातीवर खिळली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असे टप्पे घेत १८६७ साली नागपुरास भिडला, आणि जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा केवळ कापसासाठी टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आले. सुमारे नऊ हजार वस्तीच्या एका गावी हिंदुस्थानचा सर्वाधिकारी येतो, यावरूनच त्या बाजाराचे मोल सरकारच्या लेखी काय होते ते ध्यानी यावे.

त्याच काळात मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक कॉटन कमिशनर नेमलेला होता. त्याने आपल्या अहवालात मोकळेपणाने जी आशा व्यक्त केली ती प्रत्येक वऱ्हाडी माणसाने जाणून घेण्याजोगी आहे: रेल्वे आली म्हणजे विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, घरोघरी सूत होऊन खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत कातणारे व कापड विणणारे हात शेतमजुरीसाठी उपलब्ध होतील. त्या आशेप्रमाणेच पुढे घडत गेले. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की गावाचा कोट त्यांनी स्वखर्चाने बांधला असे सांगतात; त्या मेहकरचे माग हळूहळू थंडावले. देऊळगावराजाचे विणकर त्याच वाटेने गेले. लांब धाग्याची, तलम सुताची नामांकित बनी कपाशी मागे पडली आणि भरपूर पिकणारी पण आखूड धाग्याची जरी शेताशेतांतून पसरली. शेतकऱ्याने हे अविचाराने केले नाही. हप्त्याला रोकड हवी होती, आणि रोकड देणारे पीक तेच होते.

या व्यवस्थेची कसोटी शतकाच्या अखेरीस लागली. पूर्वी गावातील ज्वारी पेवांत साठवली जाई, आणि एखादे वर्ष कोरडे गेले तर जमिनीच्या पोटातले ते धान्य गावाला तारून नेई. कपाशीने ज्वारीचे रान व्यापले आणि रेल्वेने पेवातले धान्य दूरच्या पेठांकडे ओढले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा. अशा वर्षीही वऱ्हाडातून कापसाबरोबर धान्य बाहेर जातच राहिले, कारण ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्यासाठी बाजार थांबत नाही. खानेसुमारीचे आकडे पाहा: १८९१ साली तेव्हाच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती, १९०१ साली ती सुमारे ४ लाख २३ हजारांवर आली. दर शंभरांतील बारा माणसे कमी झाली. हे आकडे सरकारने स्वतःच छापले, आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी त्याच मुलखाचा कायमचा इजारा लिहून घेतला.

अर्थात या राजवटीने जे योजले नव्हते तेही घडले. शाळांतून अक्षर ओळखलेल्या पिढीने राज्यकर्त्यांना आणि आपल्या समाजालाही प्रश्न विचारले. जोतीराव फुल्यांचे चरित्र १९२७ साली पंढरीनाथ पाटलांनी प्रसिद्ध केले ते याच जिल्ह्यातील चिखलीहून, ही गोष्ट मला मोठ्या अभिमानाची वाटते. कर्ज, सारा आणि अज्ञान यांनी शेतकरी कसा नागवला जातो हे जोतीरावांनी जितक्या कळकळीने मांडले, तितके इतर कोणी मांडले नाही.

राज्य गेले, व्यवस्था बरीचशी राहिली. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आजच्या बाजार समितीचा तो पूर्वज. त्याच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता आणि पिकवणाऱ्याला तेथे जवळजवळ आवाज नव्हता. १९७२ साली महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, ती अडतीच्या आणि पडत्या भावाच्या जाचातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठीच, पण तीही पुढे टिकली नाही. आता कपाशीशेजारी सोयाबीन आले आहे, आणि त्याचाही भाव समुद्रापारच्या पेठांकडे पाहून ठरतो. पाण्याचे तर विचारूच नये: पैनगंगा या जिल्ह्यात उगम पावते, पूर्णा त्याच्या उत्तर भागातून वाहते, तरी वऱ्हाडच्या वाढाव्यातून येथे कालवे काढावेत असे तारणदाराला कधी वाटले नाही, आणि सिंचनाचा तो अनुशेष स्वराज्यालाही अद्याप भरून काढता आलेला नाही.

नकाशावर तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. लोहमार्ग आखला गेला तो कापूस जेथे होता तेथून, म्हणजे घाटाखालून. घाटावरची माणसे त्या हिशेबात नव्हती. खामगावची रेल्वे पुढे जालन्यास जोडावी ही मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे, तिच्या पाहण्या झाल्या, ठराव झाले. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा, तसेच देऊळगावराजा, चिखली, मेहकर, लोणार आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बुलढाणा, यांपैकी एकाही गावाला आजतागायत रेल्वेचे स्थानक नाही.