दातातली जन्मरेघ

मंडळी, बैलबाजारात गेल्यावर आपण आधी काय करतो? खोंडाचा खालचा ओठ ओढून दात बघतो. नुसते दुधाचे दात असले तर तो आदत. दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळला. विकणारा काहीही सांगो, दात खरे बोलतात. दात कानशीने घासून फसवणारे असतात म्हणा, पण ती गोष्ट निराळी.

आज आम्ही एका फार जुन्या जनावराच्या दाताची हकिगत सांगणार आहोत. ते जनावर मेले त्याला सुमारे ६ कोटी २० लाख वर्षे झाली. माणूस तेव्हा नव्हता. गायही नव्हती. डायनासोर नावाचे राक्षसी प्राणी त्याच्या आधी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, नाहीसे झाले होते. त्यांच्या काळी दूध पाजणारी जनावरे बहुतेक उंदरा-मांजराएवढीच होती. पुढे ती झपाट्याने मोठी झाली. हे कशाने झाले, हा प्रश्न पंडितांना होता.

अमेरिकेत न्यू मेक्सिको म्हणून प्रांत आहे. तिथल्या सॅन वान नदीच्या मुलखात या जनावराची हाडे आणि दात दगड होऊन पडलेले सापडतात. १८८२ साली एडवर्ड कोप यांनी त्याला पँटोलँब्डा असे नाव दिले. नाव अवघड आहे, विसरलात तरी चालेल. अंगाने ते मोठ्या बोकडाएवढे, वजन सुमारे ४२ किलो. जुन्या पंडितांनी त्याला खुरवाल्या जनावरांच्या गोतात घातले. नेमके नाते कोणते, यावर अजून वाद आहे.

आता दात बघू. दातावर पांढरे, टणक कवच असते. अंगात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, म्हणूनच ते कोट्यवधी वर्षे टिकते. दाताचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला की कवचात बारीक काड्यांच्या जुड्या दिसतात, अन् प्रत्येक काडीवर आडव्या खुणा दिसतात. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा त्यावर रोज थोडा थोडा थर चढतो. भिंतीवर सारवणाचा हात चढावा तसा. एक खूण म्हणजे एक दिवस! एका दिवसाचा थर आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक असतो.

यातली एक रेघ मात्र इतरांहून ठळक असते. ती जन्माच्या दिवसाची. पिल्लू बाहेर पडले, नाळ तुटली, आईच्या रक्तातून मिळणारे पोषण थांबले. अंगाला तो मोठाच धक्का असतो. त्याची खूण दातात कायमची राहते.

एडिंबर्ग विद्यापीठातले ग्रेगरी फन्स्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी पँटोलँब्डाच्या दातांत ही रेघ शोधली व २०२२ साली आपले काम प्रसिद्ध केले. जन्माच्या जागी दातात जस्त जास्त भरलेले मिळाले. दूध पिण्याच्या दिवसांत बेरियम नावाचा पदार्थ जास्त मिळाला. म्हणजे रेघ खरी की खोटी, याचा दुहेरी पडताळा झाला.

मग हिशेब मांडला. पिल्लू पोटात जवळजवळ सात महिने राही. शेळीचे पाच, गाईचे नऊ, हे आपल्याला ठाऊकच आहे. तिकडे कांगारूचे पिल्लू महिनाभरातच बाहेर येते, ते शेंगदाण्याएवढे, आंधळे. पुढे ते आईच्या पिशवीत वाढते. पँटोलँब्डाचे तसे नव्हते. त्याचे पिल्लू चांगले वाढलेले, दात फुटलेले असे जन्माला येई. एक-दोन महिन्यांत दूध सुटे. पुढचे आयुष्य मात्र थोडके. दाताच्या मुळावर वर्षावर्षाला थर चढतो. ते मोजले तेव्हा बरीचशी जनावरे दोन ते पाच वर्षांतच मेलेली निघाली.

पिल्लाला पोटातच इतके वाढवायचे म्हणजे आईला ओझे. पण त्यामुळेच दूध पाजणारी जनावरे अंगाने मोठी होऊ शकली, असे या मंडळींचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटते.

घरी पोराचा दुधाचा दात पडला तर तो क्षणभर हातात घेऊन बघा. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण त्याच्याही जन्माची रेघ त्यात असते.