मातेचा अधिकार आणि मुलीची समज

मुलीच्या हिताची चिंता तिच्या मातेइतकी दुसऱ्या कोणास असणार? हा प्रश्न ऐकतांच कोणीहि मान डोलावील. परंतु तोच इंग्लंडांत न्यायासनापुढें गेला, तेव्हां थोर थोर न्यायमूर्तींचींहि मतें दुभंगलीं.

१९८० सालीं तेथील आरोग्य खात्यानें डॉक्टरांस एक सूचनापत्र धाडलें. १६ वर्षांखालील मुलगी संततिनियमनाचा सल्ला मागूं आली, तर मातापित्यांस विश्वासांत घेण्याविषयीं तिचें मन वळवावें. मात्र अपवादात्मक प्रसंगीं त्यांच्या संमतीवांचूनहि सल्ला देण्यास प्रत्यवाय नाहीं, असा त्याचा आशय होता. व्हिक्टोरिया गिलिक या पांच मुलींच्या मातेनें त्यास हरकत घेतली. १९८३ सालीं त्यांचा दावा फेटाळला गेला. १९८४ च्या डिसेंबरांत अपील न्यायालयानें तो एकमतानें मान्य केला. आणि १९८५ च्या ऑक्टोबरांत उमरावांच्या सभेनें ३ विरुद्ध २ मतांनीं तो निकाल फिरविला. तिन्ही ठिकाणचीं मतें एकत्र मोजलीं, तर ५ मातेच्या बाजूचीं व ४ विरुद्ध भरतात!

अंतिम निर्णयांत लॉर्ड स्कारमन यांनीं मांडलेलें तत्त्व असें, कीं मातापित्यांचा अधिकार अपत्याच्या रक्षणासाठीं असतो. अपत्यास पुरती समज आली, म्हणजे तो त्या समजेस वाट देतो. लॉर्ड फ्रेझर यांनीं डॉक्टरांवर बंधनेंहि घातलीं. मुलीस सल्ला नीट समजतो काय, घरीं सांगण्यास ती राजी होते काय, सल्ल्यावांचून तिच्या प्रकृतीस अपाय होईल काय आणि तिचें हित कशांत आहे, हें त्यांनीं पाहिलेंच पाहिजे.

भारतांतील व्यवस्था निराळी आहे. १९७१ च्या कायद्यान्वयें १८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपातास पालकाची लेखी संमति लागते. शिवाय २०१२ च्या कायद्यानें अशा प्रकरणाची वर्दी देणें डॉक्टरांस बंधनकारक केलें. वर्दीच्या भयानें मुली अडाणी हातांत सांपडूं नयेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं, मुलीनें व पालकानें विनंति केल्यास, वर्दींत तिचें नांव न देण्याची मुभा डॉक्टरांस दिली.

गिलिकबाईंची चिंता खोटी नव्हे. मुलीवर संकट आलें, तर तें निस्तरावें लागतें घरासच. परंतु कायद्यानें घरीं बातमी पोंचवितां येते, विश्वास नव्हे. जी मुलगी आईजवळ बोलूं धजत नाहीं, ती अशा सक्तीनें आईकडे वळत तर नाहींच, उलट डॉक्टराकडेहि जाईनाशी होते. न्यायालयांत या प्रश्नाचें अर्धेंच उत्तर मिळालें. उरलेलें अर्धें प्रत्येक घरानें, मुलगी वयांत येण्यापूर्वीं, तिच्याशीं बोलूनच द्यावयाचें आहे.