डक्टमधलं भोक कोण बुजवणार?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुम्हाला एक दार उघडून बघायला सांगणार आहे. आपल्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर, लिफ्टच्या नाहीतर जिन्याच्या शेजारी, एक अरुंद दार असतं. कुणी त्याला डक्ट म्हणतं, कुणी शाफ्ट. आमच्या मजल्यावर सगळे त्याला ‘लाइटचं कपाट’ म्हणतात. आणि एकदा कपाट म्हटलं की आपण बायका काय करतो ते सांगायला नको. केरसुणी, फरशी पुसायची बादली, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, भाच्याच्या लहान झालेल्या चपला. सगळं तिथं.

मी गेली अठरा वर्षं विजेच्या कामांवर देखरेख करते. नव्या इमारती असतात, जुन्या सोसायट्या असतात. माझं निम्मं काम म्हणजे त्या दारात वाकून खाली आणि वर बघायचं. खाली कशासाठी? तर तळमजल्यावरच्या मीटर रूममधून जाड केबली निघतात आणि याच डक्टमधून प्रत्येक मजल्याची स्लॅब ओलांडत वर जातात. स्लॅब ओलांडायची तर तिला भोक हवंच. केबल मनगटाएवढी असते, पण भोक असतं परातीएवढं, कारण बांधताना पुढे किती केबली येतील ते माहीत नसतं. केबली ओढून झाल्या की उरलेली जागा बुजवायची असते. ती पुष्कळ ठिकाणी बुजवलेलीच नसते. मग दार उघडून टॉर्च मारला की तीन मजल्यांखालचा केर दिसतो.

आता असं बघा. खालपासून वरपर्यंत सलग मोकळी, अरुंद, उभी जागा. गावाकडच्या घरात तिला आपण काय म्हणतो? धुरांडं. घरातला धूर बाहेर जावा म्हणून ते मुद्दाम बांधतात. इथे आपण तेच बांधलंय, फक्त त्याचं तोंड आपल्याच पॅसेजमध्ये उघडतं.

उपनगरातल्या एका चौदा मजली इमारतीत मी असं झालेलं पाहिलंय. पहाटेची वेळ होती. मीटर रूममध्ये एका केबलचा जोड ढिला होता, तो तापून पेटला. आग केवढी? दोन हात उंचीची असेल. वॉचमननं फायर एक्स्टिंग्विशर मारला आणि काही मिनिटांत ती विझलीसुद्धा. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी तर झोपेतच होती, त्यांना सकाळी कळलं. पण धूर सरळ वर गेला होता. तो आधी भरला चौदाव्या मजल्यावर, कारण वर जायची वाट तिथे संपत होती. मग तेरावा, मग बारावा. चौदाव्यावर एक आजी एकट्या राहत. दम्याचा त्रास. काय झालंय ते बघायला त्यांनी दार उघडलं आणि काळा धूर घरात आला. त्या नऊ दिवस हॉस्पिटलात होत्या. घरी परत आल्या, ते त्यांचं नशीब म्हणायचं.

केबलीवरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. ते जळलं की दाट काळा धूर होतोच, शिवाय त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. ओलाव्याला लागला की त्याचं आम्ल होतं. डोळे, घसा, फुप्फुसं, सगळीकडे ओलावाच की. म्हणून ‘आग कुठे लागली होती, थोडा धूर तर झाला,’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये हे स्पष्ट आहे. विजेच्या केबलींचा डक्ट वेगळा हवा. प्रत्येक मजल्यावर तो बुजवलेला हवा आणि बुजवणीनं आगीला तेवढाच वेळ तोंड द्यायला हवं जेवढा वेळ ती स्लॅब देते. स्लॅब दोन तासांची, तर बुजवणीही दोन तासांची. हे तास कसे ठरतात? भिंतीचा किंवा स्लॅबचा नमुना भट्टीत घालतात. भट्टीचं तापमान पहिल्या तासाअखेर साधारण ९४५ अंश सेल्सिअसवर जातं, दोन तासांनी हजाराच्या पुढे. एवढ्या वेळात ज्वाळा पलीकडे जाता कामा नयेत आणि पलीकडची बाजूही ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापता कामा नये. दोन तास म्हणजे माणसं खाली उतरवायला आणि अग्निशमन दलाला वर चढायला मिळालेले दोन तास. भिंत अशी भरभक्कम बांधायची आणि तिला परातीएवढं भोक ठेवायचं, याला काय म्हणावं!

बरं, बुजवलंय असं जिथे सांगतात तिथे काय सापडतं? कापडाचे बोळे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वर्तमानपत्रं, थर्माकोल. हे सगळं उंदरांसाठी केलेलं असतं. उंदीर आणि झुरळं येऊ नयेत एवढीच लोकांची काळजी. झुरळ अडलं म्हणजे धूर अडला असं नव्हे, आणि आगीला तर हे सरपणच.

काही जण निदान सिमेंटचा गिलावा करतात. बोळ्यांपेक्षा ते पुष्कळ बरं, पण केबलींच्या जुडग्याभोवती तेवढं पुरत नाही. आग लागली की केबलीवरचं प्लॅस्टिक वितळून जळून जातं. मग सिमेंट जागच्या जागी, तांब्याची तार जागच्या जागी, आणि मधे नवी फट. म्हणून या कामासाठी जे खास साहित्य मिळतं त्यातलं बरंचसं तापल्यावर फुगणारं असतं, कढईतल्या साबुदाण्याच्या पापडीसारखं. प्लॅस्टिक वितळून जी जागा झाली ती ते फुगून भरून काढतं. ट्यूबमधून भरायची लांबी मिळते, मळलेल्या कणकेसारखी पुटी मिळते, आणि चक्क उशाही मिळतात. हो, उशा! विटेएवढ्या, केबलींच्या भोवती दाबून बसवायच्या. नवी केबल टाकायची असली की एक उशी काढायची, केबल ओढायची, पुन्हा दाबून बसवायची. जिथे वारंवार केबली टाकाव्या लागतात तिथे मला त्या फार आवडतात. मोठ्या भोकाला आधी दगडी लोकर, म्हणजे रॉकवूल, घट्ट भरून मग वरून लेप देतात. तांबं उष्णता पलीकडे नेतं, गरम चहात ठेवलेल्या चमच्याच्या टोकासारखी. म्हणून काही पद्धतींत केबलीलाही दोन्ही बाजूंनी थोड्या लांबीपर्यंत लेप लावतात. कुठलं साहित्य, किती जाड, किती मोठ्या भोकाला, हे चाचणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मागायचा. डब्यावर ‘फायर’ असं छापलेलं असणं पुरेसं नाही.

आता तो डब्यातून फवारायचा पिवळा फोम. फुस्स केलं की फुगतो, पाच मिनिटांत भोक भरलेलं दिसतं, म्हणून कारागिरांना भारी आवडतो. साधा पॉलियुरेथेन फोम जळतो, आणि चांगला जळतो. याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे.

अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ या दिवशी तिथे नेमकं हेच काम चाललं होतं, भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीची भोकं बुजवायचं. एका खोलीत शेकडो केबली एकत्र येत आणि भिंतीतून पलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात. दोन्हीकडच्या हवेच्या दाबात फरक होता, त्यामुळे फट राहिली तर हवा पलीकडे ओढली जाई. फट शोधायची त्यांची पद्धत काय? मेणबत्ती! ज्योत भोकाजवळ धरायची. झुकली तर फट आहे. साधारण दोन इंच बाय चार इंचाचं एक भोक त्यांनी फोमचा तुकडा कोंबून भरलं आणि मेणबत्ती जवळ धरली. हवेनं ज्योत आत ओढली, फोम पेटला. कामगारांनी टॉर्चनं ठोकून विझवायचा प्रयत्न केला, चिंध्या कोंबल्या, मग एक्स्टिंग्विशर मारले. पण आग तोवर भिंतीपलीकडे पोचली होती.

ती सुमारे सात तास जळली. सोळाशेच्या वर केबली खराब झाल्या. त्यात अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणांच्याही केबली होत्या, आणि त्या वेळी तिथल्या दोन अणुभट्ट्या चालू होत्या. विजेच्या आगीवर पाणी मारायचं की नाही यावर पुष्कळ वेळ गेला; शेवटी मारलं तेव्हा ती थोड्याच वेळात विझली. कुणाचा जीव गेला नाही, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. अमेरिकेनं त्यानंतर, १९८० मध्ये, अणुकेंद्रांसाठी आगीचे नवे नियम केले. मला यातली सगळ्यात जास्त खटकणारी बाब निराळीच आहे. दोनच दिवस आधी मेणबत्तीनं अशीच लहानशी आग तिथे लागली होती. ती विझवली आणि काम पुढे चालू राहिलं.

आपल्याकडे अणुभट्टी नाही, पण इंटरनेटवाला आहे. त्याला माझा दोष नाही, तो मजुरीवर येतो, दिवसाला दहा घरं करतो. पण होतं काय, की चांगली बुजवलेली स्लॅब तो ड्रिलनं फोडतो, वायर खाली सोडतो आणि निघून जातो. खरं तर टेलिफोनची, इंटरनेटची वायर, पाण्याचा किंवा गॅसचा पाइप विजेच्या डक्टमधून न्यायचाच नाही असं कोड सांगतो. पण जिथे नेलाय तिथे ते भोक आता कुणाचं? बिल्डर म्हणतो, मी बुजवून दिलं होतं. वायरवाला म्हणतो, ते माझं काम नाही. सोसायटी म्हणते, आम्हाला माहीतच नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्यानं मात्र ही जबाबदारी मालकावर आणि ताबेदारावर टाकली आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ती माणसं येतील तेव्हा पंप आणि नळ्या बघतीलच. त्यांना डक्टच्या दाराशीही न्या आणि विचारा, हे बुजवलेलं आहे का?

आपण स्वतः काय करायचं? आधी आपलं सामान तिथून काढायचं, आजच. मग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन एकेक दार उघडून बघायचं. हात आत घालायचा नाही, आत चालू वीज असते. फक्त टॉर्च मारायचा. खालचा मजला दिसला की त्या मजल्याचा नंबर वहीत लिहायचा आणि फोटो घ्यायचा. ती वही घेऊन मीटिंगला जायचं. बायका मीटिंगला बोलल्या की ‘ताई, हे टेक्निकल आहे’ असं ऐकायला मिळतं, मलाही मिळालंय, तेही या कामात इतकी वर्षं काढल्यावर. फोटो पुढे ठेवला की तो आवाज खाली येतो.

आणि यापुढे कुणीही नवी केबल टाकायला आला, एसीची असो की सीसीटीव्हीची, की कामाच्या कागदावर एक ओळ घालून घ्या: केबल ओढून झाल्यावर भोक चाचणी झालेल्या साहित्यानं बुजवायचं, फोटो द्यायचा, मगच बिल मिळेल. चांगल्या कंपन्यांच्या ऑफिसात तर प्रत्येक बुजवणीजवळ पट्टी चिकटवलेली असते, तारीख, साहित्याचं नाव आणि कुणी केलं ते. सोसायटीत एक स्टिकर आणि पेन पुरेल.

तोवर रात्री पॅसेजमध्ये धूर दिसला, तर कुतूहलानं दार उघडं ठेवू नका. जिना धुरानं भरला असेल तर दार लावून घ्या, उंबऱ्याशी ओला टॉवेल दाबा, १०१ ला फोन करा आणि खिडकीशी थांबा. लिफ्ट नको.

डक्टची किल्ली बहुतेक ठिकाणी वॉचमनकडे असते. त्याच्याकडे नसेल तर सेक्रेटरींकडे मागा.